यंत्र चांगलं, तक्ता टाकाऊ: १० वॅटच्या घरगुती लेझर कटरसोबत पाच महिने

पहिल्याच आठवड्यात परीक्षण लिहायला बसले असते तर एक तारा देऊन मोकळी झाले असते. त्यातला निम्मा दोष माझा होता हे कळायला पुढचे चार महिने लागले. आता माझ्या वहीत एकशे चाळीसच्या वर नमुने चिकटवलेले आहेत, प्रत्येकाखाली तारीख, जाडी, स्पीड, पॉवर आणि शेरा. त्या वहीच्या जोरावर लिहितेय.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे कुठल्या चष्म्यातून बघतेय ते कळेल. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं सहाय्यक होते. हाती आलेल्या बाटलीवर लेबल नसेल तर ती उघडायची नाही, ही सवय हाडात भिनलेली. निवृत्तीनंतर पुठ्ठ्याच्या आणि पातळ लाकडाच्या पेट्या करायचा नाद लागला. हातानं कापून कापून बोटांची पेरं दुखायला लागली, म्हणून हे यंत्र घेतलं. उघड्या चौकटीचं, निळा लेझर किरण सोडणाऱ्या डायोडचं, ४०० बाय ४०० मिमी जागेत काम करणारं. कंपनीचं नाव देत नाही. अशाच बांधणीची यंत्रं कितीतरी नावांनी विकली जातात, आणि माझं म्हणणं त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

जोडणी सोपी आहे. चार पट्ट्या, वीसेक स्क्रू, दोन पट्टे. पट्टे सारखे ताणले नाहीत तर वर्तुळ अंड्यासारखं येतं, एवढं लक्षात ठेवा.

खोक्यावर वॅटचे दोन आकडे असतात. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा यंत्र किती वीज खातं त्याचा असतो. आपल्याला हवा तो लेझरमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाचा आकडा, ज्याला 'ऑप्टिकल' पॉवर म्हणतात. माझ्या यंत्राचा तो १० वॅट आहे, आणि तो खरा निघाला. याचे गुण द्यायलाच हवेत, कारण ४० वॅट लिहिलेलं घ्यायचं आणि घरी ५ वॅटचं निघायचं, असं या धंद्यात सर्रास चालतं.

पण पहिले दोन दिवस मला हे १० वॅट दिसलेच नाहीत. शंभर टक्के पॉवर लावूनही लाकडावर पेन्सिलीसारखी फिकट रेघ यायची. शेवटी कळलं की यंत्र पूर्ण पॉवरसाठी १००० हा आकडा धरतं, आणि सोबत दिलेल्या फाइलनं माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल आकडा २५५ करून ठेवला होता. म्हणजे मी शंभर टक्के म्हणत होते आणि यंत्र इमानदारीनं पाव पॉवर देत होतं. मी वापरते त्या लाइटबर्न या सॉफ्टवेअरच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये हा आकडा बदलता येतो. एक मिनिटाचं काम. पुस्तिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता त्या तक्त्याकडे येते. यंत्रासोबत एक गुळगुळीत छापलेला कागद येतो, त्यावर मटेरियल, जाडी, स्पीड, पॉवर, पास (म्हणजे त्याच रेघेवरून किती फेऱ्या). '३ मिमी प्लायवूड' अशी एकच ओळ. कुठला प्लाय? पॉप्लर, बर्च की बाजारी? आतला गोंद कोणता? हवेचा पंप चालू धरलाय की बंद? काही नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं 'आम्ल घेतले' एवढंच लिहून जर्नल आणलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

तक्त्यातल्या आकड्यांनी प्लाय कापला गेला नाही, म्हणून मी भाच्याला फोन केला. त्याच्याकडे असंच पण दुसऱ्या बनावटीचं यंत्र आहे. तो म्हणाला, "अगं मावशी, इतका काय विचार करतेस, पॉवर शंभर, स्पीड दहा. डोळे झाकून टाक." डोळे झाकून टाकलं.

लेझरचं डोकं सुरुवातीच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथंच थांबल्यासारखं झालं. आधी धुराचा एक सरळ धागा वर आला. मग प्लायच्या भेगेतून काडीएवढी ज्योत निघाली, पिवळी, हलत नसलेली, देवघरातल्या समईसारखी शांत. बघता बघता ती बोटाएवढी झाली आणि लेन्सच्या झाकणाला चाटायला लागली. मी लाल बटण दाबलं, शेजारी ठेवलेल्या फवाऱ्याच्या बाटलीतून पाणी मारलं, विझली. जाहिरातीत ठळक छापलेला आग ओळखणारा सेन्सर शेवटपर्यंत गप्प होता. फोन चालूच होता. भाचा ओरडत होता, "मावशी, सेकंद गं, सेकंद! तुझं मिनिटावर असेल!"

त्याचे दहा म्हणजे सेकंदाला १० मिमी. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड मिनिटाला मिमी असा मोजला जात होता, म्हणजे त्यानं सांगितलेल्या वेगाच्या एक साठांश वेगानं मी लाकूड भाजत होते. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर मी एक गणित मांडलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मला हे यंत्र कळायला लागलं.

१० वॅट म्हणजे सेकंदाला १० ज्यूल. डोकं सेकंदाला १० मिमी, म्हणजेच मिनिटाला ६०० मिमी सरकलं, तर रेघेच्या प्रत्येक मिलिमीटरला १ ज्यूल मिळतो. मी दिले होते ६० ज्यूल. आग लागली नसती तरच नवल. कोरीवकामाला मी हल्ली मिनिटाला ६००० मिमी आणि ३० टक्के पॉवर ठेवते; तिथे मिलिमीटरला जेमतेम ०.०३ ज्यूल पडतो आणि लाकूड छान तपकिरी होतं. कुणीही आकडे दिले की आधी ते कुठल्या एककात आहेत ते विचारायचं, मग मिलिमीटरमागे किती ज्यूल पडतात ते काढायचं. दुसऱ्या वॅटच्या यंत्राचे आकडेही असे निदान अंदाजापुरते आपल्याकडे आणता येतात.

अंदाजापुरते म्हणतेय, कारण ज्यूल सारखे असले तरी काप सारखा येत नाही. शंभर टक्के पॉवरला ६०० आणि पन्नास टक्क्यांना ३००, दोन्हीकडे मिलिमीटरला १ ज्यूलच. पण दुसऱ्यात उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळ मिळतो आणि कडा कोळशासारख्या होतात. म्हणून कापताना मी पॉवर वर ठेवते आणि बदल फक्त स्पीडमध्ये करते. कोरताना दोन्ही बदलते.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे चाचणीचा चौकडा. लाइटबर्नमध्ये तो तयार करून देणारी सोयच आहे: आडवी पॉवर, उभा स्पीड, मध्ये छोटे छोटे चौकोन. मी मटेरियलच्या प्रत्येक नव्या खेपेला तळहाताएवढा तुकडा यासाठी बाजूला काढते. नवशिक्यांची नजर सगळ्यात काळ्या चौकोनाकडे जाते. मी आधी तुकडा उलटा करते. कापायच्या चौकड्यात कुठले चौकोन आपोआप गळून पडले, कुठले नखानं ढकलल्यावर पडले, कुठल्यांच्या मागे नुसती तपकिरी रेघ दिसतेय, ते बघते. आपोआप पडलेल्यांत जो सगळ्यात जास्त स्पीडचा, त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी स्पीड मी कामाला धरते. कोरण्याच्या चौकड्यावरून बोट फिरवते. काळ्या चौकोनावर बोटाला काजळी लागत असेल तर तो बाद, कारण ती काजळी पुढे पेटीवर, कपड्यांवर, सगळीकडे जाते.

माझ्या यंत्रावर, पंप चालू ठेवून, ३ मिमी पॉप्लर प्लाय शंभर टक्के पॉवर, मिनिटाला ३६० मिमी, एका पासात कापला जातो. हा आकडा लिहिताना हात आखडतो, कारण कुणीतरी तो तसाच उचलणार. उचला, पण चौकड्याच्या मधल्या घरात ठेवा आणि दोन्ही बाजूंना माणसासारखं चाचपून बघा.

प्लाय हे सगळ्यात जास्त छळणारं मटेरियल, आणि सुरुवात सगळे त्यानेच करतात. माझ्याकडे एकाच गठ्ठ्यातले दोन ताव होते. एक ४०० ला सुटायचा, दुसरा २५० ला सुद्धा जागोजागी अडकायचा. अंधारात मागून टॉर्च धरला तेव्हा दिसलं: दुसऱ्या तावात आतल्या थरात गाठी होत्या आणि त्या बुजवायला भरलेल्या लगद्याचे काळे ठिपके. लेझर तिथे अडणारच. पाण्यात टिकणारा प्लाय तर या कामाला घेऊच नका. त्यातला फिनॉलचा गोंद जळून कडक कोळसा होतो आणि किरण खाली पोचतच नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेली फळी, सगळीकडे सारखा असतो म्हणून आकडे स्थिर राहतात, पण त्याला जोर जास्त लागतो आणि त्याच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. धूर बाहेर टाकायची नळी नसेल तर एमडीएफ नकोच. नुसता पुठ्ठा सुरुवातीला उत्तम. मात्र पन्हळी पुठ्ठा पोकळ असल्यामुळे भसकन पेटतो, तिथून नजर हटवायची नाही.

ताव होडीसारखा वाकलेला असेल तर कितीही चांगले आकडे वाया. सोबत आलेल्या धातूच्या ठोकळ्यानं मध्यभागी फोकस लावला आणि कोपरा २ मिमी वर उचललेला असला, की कोपऱ्यात काप रुंद होतो आणि तळापर्यंत जात नाही. मी तावाखालच्या धातूच्या जाळीत अडकवायच्या खिट्यांनी ताव चारी बाजूंनी दाबून धरते. आणि तो ठोकळा तरी बरोबर उंचीचा आहे का? हे मी एका संध्याकाळी तपासलं. फळी एका टोकाला उचलून तिरकी ठेवायची, तिच्यावरून एकच लांब रेघ मारायची, आणि रेघ सगळ्यात बारीक कुठे आहे ते भिंगानं बघायचं. तिथली उंची म्हणजे खरा फोकस. माझा ठोकळा पाऊण मिमीनं चुकलेला निघाला.

पंपाबद्दल. तो यंत्रासोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि खरं म्हणजे त्याच्याशिवाय हे यंत्र विकायलाच नको. हवेचा झोत कापातला धूर उडवतो. नाहीतर किरणाची ताकद धुरातच मुरते. पंपाशिवाय जिथे तीन पास लागत होते तिथे आता एकात काम होतं, आणि ज्योत धरत नाही. कोरताना मात्र झोत अगदी मंद ठेवायचा.

पेट्या बनवणाऱ्यांनी एक काम पहिल्याच दिवशी उरकावं. लेझर थोडं लाकूड खातो. त्या कापाच्या रुंदीला कर्फ म्हणतात. मी २० मिमी रुंदीच्या दहा पट्ट्या कापल्या आणि एकमेकींना चिकटवून व्हर्निअर कॅलिपरनं मोजल्या. २०० यायला हव्या होत्या, आल्या १९८.४. म्हणजे पट्टीमागे ०.१६ मिमी गेले. हा आकडा मी जसाच्या तसा सॉफ्टवेअरमधल्या कर्फच्या रकान्यात टाकला आणि पेटीचे दाते इतके घट्ट झाले की हातोडीनं ठोकताना एक दाता फाटला. तिथे निम्मा टाकायचा असतो, ०.०८, कारण प्रत्येक कडेला निम्माच काप जातो. आणखी एक गंमत: डायोडचा ठिपका गोल नसतो, जरा लांबट असतो, त्यामुळे आडव्या आणि उभ्या कापांत किंचित फरक पडतो. माझ्या पेट्यांचे उभे दाते आडव्यांपेक्षा जरा घट्ट बसतात. आता मी तो दोष मानत नाही, पेटी कुठल्या बाजूनं जोडायला घ्यायची ते त्यावरून ठरवते.

ॲक्रिलिक. जाहिरातीत पारदर्शक ॲक्रिलिकचं झुंबर दाखवलंय. ते या यंत्रानं झालेलं नाही, होऊच शकत नाही. मी पारदर्शक तुकडा ठेवून लेझर चालवला. तुकड्यावर ओरखडासुद्धा नाही आणि खाली ठेवलेल्या फळीवर सुबक काळी फुलपाखराची आकृती. निळा किरण, साधारण ४५० नॅनोमीटरचा, काचेतून ऊन जावं तसा त्यातून निघून जातो. निळ्या ॲक्रिलिकचीही तीच गत. काळं मात्र चांगलं कापतं. पारदर्शक हवंच असेल तर कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो. तो कुमार पटेल यांनी १९६४ साली बेल लॅब्जमध्ये तयार केला, आणि त्याचा १०.६ मायक्रोमीटरचा अवरक्त किरण पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये वरच्या वरच शोषला जातो. ॲक्रिलिक घेताना 'कास्ट' (साच्यात ओतलेलं) आहे की 'एक्स्ट्रुडेड' (यंत्रातून दाबून काढलेलं) हेही विचारा. कास्टवर कोरलं की पांढरं, दवासारखं उमटतं. एक्स्ट्रुडेडवर अक्षरं धड दिसत नाहीत.

आता माझी खरी तक्रार. सोबतच्या नमुन्यांच्या पाकिटात प्लाय, पुठ्ठा, काळं ॲक्रिलिक यांच्याबरोबर एक तपकिरी तुकडा होता. त्यावर चिकटपट्टीनं लिहिलेलं: 'लेदर'. हातात घेताच शंका आली. कापलेली कड तंतूंची नव्हती, खाली विणलेलं कापड आणि वर साय धरल्यासारखा थर. वासही चामड्याचा नव्हता.

जुनी सवय कामी आली. तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, ज्योतीचा रंग साधा झाला याची खात्री केली. मग गरम तार त्या तुकड्याच्या कोपऱ्याला टेकवली, टोकावर थेंबभर वितळलेला थर घेतला आणि परत ज्योतीत. ज्योत हिरवी झाली, मोरपिसासारखी. ही बाइलस्टाइनची चाचणी, १८७२ सालची, क्लोरीन-ब्रोमीनसारख्या मूलद्रव्यांचा माग काढणारी. तो तुकडा रेक्झिनचा होता, म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी लेझरखाली धरलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात मिसळला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. फुप्फुसांना घातक, आणि यंत्राच्या दांड्या, बेअरिंगं, स्क्रू गंजवून टाकणारं. यंत्र विकणाऱ्यानंच यंत्राला विष पाठवलं होतं. मी मेल केला. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. त्यांच्या संकेतस्थळावर पाकिटाचा तोच फोटो आजही आहे.

ही चाचणी घरी करायची तर नखाएवढाच तुकडा, उघड्या खिडकीपाशी किंवा बाहेर, आणि धूर हुंगायचा नाही. खरं चामडं चालतं, पण वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं. क्रोमनं कमावलेलं नको. पॉलिकार्बोनेट पिवळं पडून पेटतं. एबीएस हे कडक प्लॅस्टिक वितळतं आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतं. थर्माकोल तर बघता बघता आगीचा गोळा. ज्या प्लॅस्टिकचं नाव विकणारा सांगू शकत नाही ते माझ्या जाळीवर चढत नाही.

सोबतचा हिरवट चष्माही मी टाकून दिला. त्याच्या काडीवर ना तरंगलांबी, ना ओडी, म्हणजे चष्मा किरण किती अडवतो त्याचा आकडा. ओडी ४ म्हणजे किरणाचा दहा हजारावा भाग आत येतो. ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यासाठी ओडी ४ किंवा जास्त असं छापलेला नारिंगी चष्मा घ्या. या उघड्या यंत्राचा लेझर वर्ग ४ चा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला आहे, नुसता परावर्तित किरणही डोळ्याला इजा करायला पुरतो. मी नंतर झाकणाची पेटी आणि खिडकीबाहेर जाणारी धुराची नळी बसवली. तेव्हापासून घरातले खोकत नाहीत, आणि मांजर परत त्या खोलीत यायला लागलंय.

देखभाल फार नाही. तिसऱ्या महिन्यात तोच प्लाय ३६० ऐवजी ३०० ला कापावा लागायला लागला. डायोड म्हातारा झाला की काय म्हणून घाबरले. लेन्सवर धुराचा पिवळट पापुद्रा होता; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं हलकेच पुसला, आणि ३६० परत. आता दर आठ-दहा तासांच्या कामानंतर पुसते.

तर गुण असे: यंत्राला पाचपैकी चार, एक कापला तो मुक्या सेन्सरसाठी. पुस्तिका आणि तक्त्याला एक, तोही कागद चांगला आहे म्हणून. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी माझे आकडे लिहून भिंतीला लावलेत. नमुन्यांच्या पाकिटाला शून्य. तुमच्या पाकिटात तपकिरी तुकडा निघाला तर त्याच्यावर लेझर लावण्याआधी तार तापवून बघा.